कलम सहा ते कलम सात

सरकारने मला आधी 'ट्रान्सजेंडर' ठरवलं आणि मग 'पुरुष'. मी स्वतः या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतो आणि आहे. पण ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात त्यासाठी दोन कलमं आहेत, दोन अर्ज आहेत आणि मध्ये एक हॉस्पिटल आहे. कलम सहामधून कलम सातमध्ये जाताना काय काय घडतं, ते लिहून ठेवतोय. मी अर्ज केला तेव्हाचा कायदा आणि तेव्हाचे नियम, असं धरून वाचा.

निमित्त अगदी रुक्ष होतं. नोकरी बदलली आणि पीएफच्या मागच्या खात्यातला पैसा नव्या खात्यात येईना. आधार, पॅन आणि कंपनीकडची नोंद, तिन्हीकडे नाव आणि लिंग जुळायला हवं होतं. माझं नाव ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी बसलेलं, दाढी आलेली, आणि कागदावर मात्र आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं मुलीचं नाव. एचआरवाली म्हणाली, "सर, तुम्ही काहीतरी डॉक्युमेंट द्या, मी लगेच करते." काहीतरी म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

खरं तर हे 'काहीतरी' १५ एप्रिल २०१४ पासून सोपं व्हायला हवं होतं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला. पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग कायदा करायला संसद बसली आणि व्याख्येचा घोळ सुरू झाला. २०१६ च्या विधेयकात ट्रान्सजेंडर म्हणजे जो पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही, किंवा दोन्हींचं मिश्रण आहे, किंवा दोन्हींपैकी काहीच नाही, अशी व्याख्या होती. माझ्यासारख्याने, जो साधं 'मी पुरुष आहे' म्हणतो, त्याने यात कुठे बसायचं? शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात छाननी समिती नेमायची होती. मुख्य वैद्यकीय अधिकारी, समाजकल्याण अधिकारी, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, समाजाचा एक प्रतिनिधी आणि एक सरकारी अधिकारी अशा पाचांनी बसून तुम्ही कोण ते सांगायचं. देशभर निदर्शनं झाली. व्याख्या बदलली, पुढे समितीही गेली. २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्यातली व्याख्या बरीच मोकळी आहे. जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्याची ओळख जुळत नाही तो, मग शस्त्रक्रिया, हार्मोन्स काही केलेलं असो वा नसो. ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारे), इंटरसेक्स, आणि किन्नर, हिजडा, अरावानी, जोगता हे सगळे तिच्यात आले. इंटरसेक्स व्यक्तींना यात का कोंबलं, हा त्यांचा जुना आणि रास्त आक्षेप आहे. शरीराची जन्मजात रचना वेगळी असणं आणि ओळख वेगळी असणं, या दोन गोष्टी एका ओळीत उरकल्यात.

कलम चार म्हणतं, स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क आहे. कलम पाच आणि सहा म्हणतात, तसा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्या. म्हणजे हक्क माझा, पण दाखवायचा असेल तर सही त्यांची.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असतो. फोटो, सही, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. प्रतिज्ञापत्राचा नमुना नियमांतच आहे आणि त्यातला मजकूर जेमतेम चार ओळींचा. मी स्वतःला जन्मावेळच्या लिंगाशी न जुळणारी ट्रान्सजेंडर व्यक्ती समजतो, मी तसं जाहीर करतो, आणि हे प्रतिज्ञापत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल्यासाठी देत आहे. बस. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्याने ते शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलं. त्याने सवयीने 'अर्जदार ही' असं लिहिलं, मी 'हा' करायला सांगितलं, त्याने मान वर न करता ते केलं. नोटरीने मात्र दोनदा वाचलं. "डॉक्टरचं काही जोडलं नाही?" म्हटलं, लागत नाही. "मग कशाच्या आधारावर?" मी म्हटलं, "माझ्या शपथेच्या." त्याने चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मला तो प्रश्न आजही चुकीचा वाटत नाही. वाद आहे तो नेमका याच प्रश्नाचा आहे.

नियमांप्रमाणे तीस दिवसांत दाखला मिळायला हवा. आमच्या जिल्ह्यात तो कालावधी कधीच उलटून गेला आणि मग पोर्टलवर शेरा आला: 'वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.' नियमात नेमकं उलट लिहिलंय. कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, प्रतिज्ञापत्राच्या आधारे अर्ज निकाली काढायचा. मी नियमांची प्रिंट काढली, त्या वाक्याखाली पिवळी रेघ मारली आणि कार्यालयात गेलो. टेबलावरचे गृहस्थ वाईट नव्हते. बसायला खुर्ची दिली, प्रिंट पूर्ण वाचली. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण उद्या कुणी तक्रार केली तर टेबल माझं आहे."

या एका वाक्यात मला सगळी व्यवस्था दिसली. व्याख्येवर संसदेत वर्षानुवर्षं भांडणं होतात, पण ती व्याख्या अमलात आणणारा माणूस तिच्यातला शब्द न् शब्द मान्य करूनही घाबरलेला असतो. त्याला डॉक्टरची सही हवी असते, कारण मग जबाबदारी डॉक्टरकडे जाते. माझं शरीर बघण्यात त्याला काडीचाही रस नव्हता. मी लेखी अर्ज दिला, नियम क्रमांकासह, आणि आवक शाखेत पोच घेतली. ज्यांना हे करायचंय त्यांना माझा एकच व्यवहारी सल्ला: तोंडी वाद घालू नका, पोच घ्या. पोच असलेला कागद टेबलावरून आपोआप वर सरकतो.

त्याच कार्यालयाच्या व्हरांड्यात हिजडा समाजातल्या एका वयस्क गुरूंची गाठ पडली. त्या आपल्या दोन चेल्यांचे अर्ज घेऊन आल्या होत्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसल्या. "तू पण आमच्यातच अर्ज केलास होय रे बाळा?" मग बोलणं वाढलं. त्यांचा राग साफ होता. "कायद्यात आमची नावं शेवटच्या ओळीत. रस्त्यावर शिव्या खायला मात्र आम्हीच पुढे. उद्या योजना आल्या, जागा आल्या, तर त्या तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या पोरांना जाणार. तुला कोण ओळखतं? आमच्यात कोण आपलं ते आम्हाला कळतं. गुरूने सांगावं, सरकारने लिहावं."

मी म्हटलं, मला गुरू नाही, डेरा नाही, मग माझं कोण सांगणार? त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते पण खरं." पण त्यांचं मत बदललं नाही, आणि ते बदलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' रकान्यात ४,८७,८०३ माणसं मोजली गेली. त्यांत त्यांच्यासारखे किती, माझ्यासारखे किती, तो रकाना सांगत नाही. एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या आयुष्यांना आणलं की भाकरीच्या वाटणीचा प्रश्न येणारच. एका गोष्टीवर मात्र आमचं लगेच जमलं. तपासणी नको. त्यांनी आपल्या उमेदीच्या काळातल्या चौकीतल्या 'तपासण्यां'बद्दल जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

नंतर वाचताना मला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सापडला. त्यात इंग्रजांनी हिजड्यांसाठी वेगळी नोंदवही ठेवायला सांगितली होती आणि व्याख्या अशी केली होती की जो पुरुष आपण नपुंसक असल्याचं स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसतो, तो. दीडशे वर्षांपूर्वी दोनच रस्ते होते: स्वतः सांग, नाहीतर डॉक्टर सांगेल. आम्ही अजून त्याच दोन रस्त्यांवर उभे राहून भांडतोय. एवढंच की तेव्हा नोंद पाळत ठेवायला होती, आता हक्क द्यायला आहे.

पहिला दाखला आला तो पोर्टलवरच, पीडीएफमध्ये, सोबत ओळखपत्र. नाव माझं. लिंग: ट्रान्सजेंडर. आईला मोबाइलवर दाखवलं. तिने नाव मोठ्याने वाचलं, पुढचा शब्द वाचला नाही.

आधारवर 'टी' आलं. काही जणांना हेच हवं असतं आणि त्यांच्यासाठी गोष्ट इथे संपते. मला ते नको होतं. लाज वाटते म्हणून नव्हे, तर मी पुरुष आहे म्हणून. बँकेत, लॉजवर, विमानतळावर प्रत्येक ठिकाणी तो एक शब्द माझ्याआधी खोलीत शिरायचा. भाड्याचं घर बघताना एजंटने आधारची झेरॉक्स पाहिली आणि मालकाला फोन करायला बाहेर गेला, तो परत आलाच नाही. भेदभावाला कायद्यात बंदी आहे, पण कलम अठरामध्ये आमच्याविरुद्धच्या गुन्ह्यांना, त्यात लैंगिक अत्याचारही आला, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर जन्मठेपेपर्यंत जाता येतं. कायदा आपल्याला कुठल्या रकान्यात टाकतो याचे परिणाम असे असतात, ते केवळ मानसन्मानाचे नसतात.

याच काळात माझी एक जुनी मैत्रीण, जी स्त्रियांच्या आश्रयगृहात काम करते, तिच्याशी बरेच वाद झाले. मी तिला ताई म्हणतो. ती म्हणाली, "शपथेवर सगळं मान्य करायचं, तर माझ्या दारात उद्या कुणीही कागद घेऊन येईल. नवऱ्याच्या माराने पळून आलेल्या बायका तिथे झोपतात. मी काय करू?" तिला प्रतिगामी म्हणून मोडीत काढणं सोपं होतं. पण तिचा अनुभव वीस पुस्तकांपेक्षा मोठा आहे. मी एवढंच विचारलं की जन्माची नोंद हाच निकष लावलास, तर दाढीमिशीवाला मी तुझ्याकडे यायचं का? ती म्हणाली, "तू आलास तर बायका किंचाळतील." मग आम्ही दोघंही हसलो.

माझं मत त्या वादात पक्कं झालं. आश्रयगृह, तुरुंग, खेळ, आरक्षण, यांतल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्या त्या जागी, त्या त्या कारणांनी सोडवावा. ते सगळे प्रश्न एका व्याख्येत ठासून भरले की व्याख्या संशयाने लिहिली जाते आणि भुर्दंड पीएफचा फॉर्म भरणाऱ्याला पडतो. आपल्याकडे याचं उदाहरणही आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली गुरू संजना जान यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढायला परवानगी दिली आणि सोबत सांगितलं की त्यांनी स्त्री ही ओळख निवडलेली आहे, आता सोयीसाठी ती पालटता येणार नाही. ताईला हा निकाल पटला. ती म्हणाली, "हे ठीक. शब्द दिलास तर त्याला बांधील राहा." बाहेरच्या देशांतही दोन्ही तऱ्हा आहेत. अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि आयर्लंडने २०१५ मध्ये स्वतःच्या घोषणेवर कागद बदलून द्यायला सुरुवात केली. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात निदानाचा अहवाल आणि दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचा पुरावा एका पॅनेलपुढे ठेवावा लागतो.

आपला कायदा मधल्यामध्ये आहे. ट्रान्सजेंडर म्हणवून घ्यायला शपथ पुरते, पण पुरुष किंवा स्त्री व्हायला हॉस्पिटल लागतं. हेच ते कलम सात. नाल्साच्या निकालाशी ते कसं जुळतं, हे मला एकाही वकिलाने पटेल असं समजावलेलं नाही.

त्यातही एक गंमत आहे, आणि ती माझ्या उपयोगी पडली. कलम सातमध्ये 'शस्त्रक्रिया' असं आहे. २०२० च्या नियमांत मात्र 'वैद्यकीय हस्तक्षेप' आहे आणि त्याची व्याख्या दिली आहे: समुपदेशन, हार्मोन उपचार आणि, केली असल्यास, शस्त्रक्रिया. म्हणजे नियमांनुसार हार्मोन्सवरही काम भागायला हवं. माझी छातीची शस्त्रक्रिया पहिल्या दाखल्यानंतर झाली होती. ती मी माझ्यासाठी केली, उन्हाळ्यात बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालून श्वास कोंडतो म्हणून केली. पण कागदोपत्री ती कामी येणार होती.

हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला हवा, असं कायदा म्हणतो. माझं ऑपरेशन झालं त्या खाजगी हॉस्पिटलात असं पदच नव्हतं. मालक डॉक्टर, एक व्यवस्थापक आणि स्वागतकक्ष. कार्यालयाने सांगितलं, मग सरकारी दवाखान्यातून आणा. तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कक्षाबाहेर ताटकळल्यावर उत्तर मिळालं, "ऑपरेशन आम्ही केलेलं नाही, आम्ही कसं लिहून देणार? तपासून देऊ शकतो." तपासून म्हणजे काय ते मी विचारलं नाही, फाइल उचलली. त्यांचं म्हणणंही कायद्याला धरूनच होतं, कारण जिथे उपचार झाले त्याच संस्थेचा दाखला लागतो. शेवटी मालक डॉक्टरांनीच मार्ग काढला. त्यांनी स्वतःची वैद्यकीय अधीक्षक म्हणून लेखी नेमणूक केली, 'वैद्यकीय अधीक्षक' असा रबरी शिक्का करून घेतला आणि माझ्या दाखल्यावर तो पहिल्यांदा उमटवला. शाई जास्त झाली होती, 'अधीक्षक'मधला 'क्ष' पार भरून गेला. नंतर त्यांच्याकडून कळलं की तो शिक्का आणखी काही जणांच्या कामी आला.

अर्ज गेला. नियम पंधरा दिवस म्हणतो. पुन्हा शेरा आला: 'संपूर्ण लिंगबदल शस्त्रक्रिया झाल्याचे नमूद करावे.' 'संपूर्ण' हा शब्द ना कायद्यात आहे, ना नियमांत. तो टेबलावर जन्मला. ट्रान्स पुरुषांची खालची शस्त्रक्रिया अनेक टप्प्यांची, खर्चाची आणि गुंतागुंतीची असते, आमच्यातले कित्येक जण ती कधीच करत नाहीत. हे सगळं मी एका अनोळखी माणसाला भर कार्यालयात समजावून सांगावं, अशी अपेक्षा होती. मी सांगितलं नाही. वेळ मागून उपजिल्हाधिकारी मॅडमना भेटलो आणि नियम दोनची प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, 'केली असल्यास' या शब्दांवर थांबल्या, पुन्हा वाचली. मग बेल वाजवून संबंधितांना बोलावलं आणि विचारलं, "यात संपूर्ण कुठे लिहिलंय, दाखवा." नाल्सा नाही, वादविवाद नाही. एक वाचणारा अधिकारी भेटला की काम होतं. तो भेटेल की नाही हे नशिबावर सोडणारा कायदा मला अपुरा वाटतो.

दुसरा दाखला आला. लिंग: पुरुष. आधार बदललं, पॅन बदललं, पीएफ एकदाचा हलला. एचआरवालीने फक्त एक स्मायली पाठवली.

आता दहावीचं प्रमाणपत्र राहिलंय. नियमांच्या जोडपत्रात कोणकोणते कागद बदलून मिळायला हवेत त्यांची यादी आहे, जन्मदाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत, आणि त्यात दहावी-बारावीची प्रमाणपत्रंही आहेत. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांची मुदत तिथेही आहे. बोर्डाच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "एकावर ट्रान्सजेंडर, एकावर पुरुष. आम्ही धरायचं कुठलं?" मी म्हटलं, नंतरचं. त्या म्हणाल्या, तसं लेखी द्या. मी तिथेच उभ्याउभ्या लिहून दिलं, नियम क्रमांक टाकला, आणि झेरॉक्सवर पोच घेतली.